एच १२ मधलं पाणी

एच १२ या घरात मी स्वतःच्या हाताने पाणी टाकलं होतं. फक्त दोन मायक्रोलिटर, तेही नव्या बाटलीतलं. ९६ घरांच्या प्लेटमधलं हे शेवटचं, खालच्या उजव्या कोपऱ्यातलं घर. बाकीच्या घरांत संत्र्याच्या पानांतून काढलेला डीएनए होता. इथे काहीच नव्हतं, आणि काहीच नसावं म्हणूनच ते घर राखून ठेवलेलं होतं. संध्याकाळी साडेसहाला मशीनच्या पडद्यावर रेषा उठायला लागल्या. चोविसाव्या सायकलला एक, सव्विसाव्या सायकलला दोन, मग घोळक्याने. मी चहा प्यायला खाली गेले. परत आले तेव्हा तेहतिसावी सायकल चालू होती आणि एच १२ ची रेषा इतरांसारखीच ऐटीत वर निघाली होती.

पाण्याला संत्र्याचा रोग झाला होता.

हे सगळं मोठ्या बाबांच्या बागेमुळे सुरू झालं असं सांगायला बरं वाटतं. खरं कारण एवढंच की एम. एस्सी.च्या डिझर्टेशनला विषय हवा होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. वरूडच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे. दोन-तीन वर्षांपासून बागेतली काही झाडं पिवळी पडत होती, फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या, आणि फळं एका बाजूला कलंडलेली, बुडाशी हिरवीच राहणारी. गावात पिवळ्या झाडावर पहिला उपाय ठरलेला असतो: झिंक मारा. मारलं. झाडं तशीच.

जस्ताच्या कमतरतेत पानाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा दिसतो. ग्रीनिंग नावाच्या रोगात तो वेडावाकडा असतो, डावीकडे एक डाग तर उजवीकडे भलतीकडेच. पण डोळ्यांचा भरवसा किती धरायचा? या रोगाचा जंतू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, सिट्रस सिला नावाची इवलीशी कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि इतर जंतूंसारखा तो बशीत सहजासहजी वाढवता येत नाही. मग उरतो एकच मार्ग. त्याचा डीएनए शोधायचा. पानाची मधली शीर कापून घ्यायची, कारण तो सापडला तर तिथेच, ती कुटायची, डीएनए काढायचा, आणि त्यातला जंतूचा ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवायचा. केरी मलिस यांना ही युक्ती १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं. तुकडा दर सायकलला दुप्पट होतो. दहा सायकलमध्ये एकाचे १,०२४. एवढं मला बी. एस्सी.पासून पाठ होतं. वाढवलेला तुकडा खरंच वाढलाय का, आणि किती, हे कसं बघायचं, ते मात्र कुणी धड शिकवलं नव्हतं.

पहिले तीन महिने जेलमध्ये, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थलथलीत वडीत, गेले. अगॅरोज मायक्रोवेव्हमध्ये उकळायचं (पहिल्याच दिवशी उतू घातलं), कोमट झालं की साच्यात ओतायचं, खड्डे पाडणारा कंगवा लावायचा, गोठल्यावर तो अलगद उपसायचा. खड्ड्यांत निळा डाय मिसळलेला नमुना सोडताना हात थरथरला तर पिपेटचं टोक खड्ड्याच्या तळातून आरपार जातं आणि निळी वाफ बफरमध्ये पसरते. माझ्या हातून असे किती खड्डे गेले ते माझ्या गाईड मॅडमनी मोजले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग १०० व्होल्टवर पाऊण तास. डीएनए ऋणभारित, म्हणून तो लाल तारेकडे पळतो. लहान तुकडे पुढे, मोठे मागे. शेवटी यूव्हीच्या उजेडात एथिडियम ब्रोमाइड या डीएनएला चिकटणाऱ्या डायमुळे पट्टे नारंगी चमकतात. आम्ही शोधत होतो तो तुकडा १,१६० बेस जोड्यांचा. लॅडरच्या (शेजारी सोडलेल्या, लांबी माहीत असलेल्या तुकड्यांच्या) हजारच्या पट्ट्याच्या थोडा वर, तिसऱ्या लेनमध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत एकटीच हसले होते. जेलचा फोटो मोठ्या बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं, "हा कोनाचा एक्स-रे व्हय?"

पण त्यांचा पुढचा प्रश्न फार नेमका होता. कोन्या झाडाले जास्त हाय?

मी फोटो पुन्हा पाहिला. तिसऱ्या आणि सातव्या लेनमधले पट्टे सारखेच जाड. सातवं झाड नावापुरतं पिवळं होतं, तिसरं अर्धं वाळलेलं. तरीही पट्टे सारखे. याचं कारण समजायला मला बागेतले हौदच उपयोगी पडले. रात्री दोन हौदांचे नळ सोडले, एक बारीक, एक मोठा. सकाळी पाहिलं तर दोन्ही काठोकाठ. कोणता आधी भरला हे सकाळी कळणार नाही. भरताना उभं राहून पाहायला हवं. पीसीआरमध्येही प्राइमर (नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि कच्चा माल संपत आला की वाढ थांबते, आणि कमी जंतूने सुरू केलेली नळी चाळिसाव्या सायकलपर्यंत जास्तवालीला गाठते. जेल म्हणजे सकाळी पाहिलेला हौद.

म्हणून मग मी स्वतःची हुशारी चालवली. पट्ट्याऐवजी नळीतला डीएनएच मोजून टाकू. आमच्याकडे एक थेंब ठेवला की २६० नॅनोमीटरवरचं शोषण सांगणारं यंत्र होतं. तिसऱ्या झाडाची पीसीआर झालेली नळी त्यावर मोजली तर भरघोस आकडा आला. आनंदाने वहीत लिहिला. लॅबमधले सीनियर दादा मागून म्हणाले, "पाण्याची नळी मोज बरं एकदा." झाडाच्या डीएनएऐवजी पाणी घालून पीसीआर केलेली नळी मोजली. जवळपास तेवढाच आकडा. प्राइमर आणि न वापरलेले न्यूक्लिओटाइड हेसुद्धा २६० वर तितक्याच आनंदाने प्रकाश शोषतात. यंत्राला तुकडा आणि कच्चा माल यांतला फरक कळत नाही. नळी आधी कॉलममधून शुद्ध करून घ्यायची, किंवा फक्त दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारा डाय वापरायचा, तर त्या आकड्याला अर्थ. पाण्याने मला खोटं पाडण्याची ती पहिली वेळ. पुढच्या गोष्टीच्या मानाने फारच किरकोळ.

दादा कोविडच्या काळात एका टेस्टिंग लॅबमध्ये रात्रपाळ्या करून आलेले. रिअल-टाइम पीसीआरच्या मशीनवर त्यांचा हात बसलेला. त्यांनीच मला भरता हौद पाहायला शिकवलं. कल्पना साधी आहे: १९९२-९३ च्या सुमारास रसेल हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथिडियम ब्रोमाइड सरळ पीसीआरच्या नळीतच घातलं आणि सायकली चालू असतानाच चमक कॅमेऱ्याने टिपली. आता त्या जागी सायबर ग्रीन हा डाय असतो. तो मात्र कुठल्याही दुपदरी डीएनएला चिकटतो, दोन प्राइमर एकमेकांना बिलगून तयार झालेल्या फालतू तुकड्यालाही. म्हणून शेवटी तापमान हळूहळू वाढवत मेल्ट कर्व्ह काढायचा. खरा तुकडा एका तापमानाला सुटतो, प्राइमरची जोडी त्याच्या बरीच आधी. माझ्या मेल्ट कर्व्हमध्ये दोन शिखरं यायची. दादा म्हणाले, वेळ घालवू नको, प्रोब माग.

प्रोब मला मनापासून आवडला. डीएनएचा छोटा तुकडा, एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा. दोघं जवळ आहेत तोवर अंधार. प्रोब नेमक्या आपल्या जीनवर जाऊन बसतो. तिकडून टॅक हे एन्झाइम नवा धागा विणत येतं, वाटेत आडवा आलेला प्रोब वखराने वेल तोडावा तसा तोडत जातं, रंग सुटा होतो आणि चमकतो. हे टॅक मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून ९५ अंशाला उकडूनही टिकतं. चमक ठरावीक उंची ओलांडते ती सायकल म्हणजे सीटी. जंतू जास्त तर रेषा लवकर उठते, सीटी लहान.

सीटीवरून प्रती मोजायच्या तर आधी स्वतःची मोजपट्टी बनवायची. जंतूचा जीन घातलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, घेतला. तो होता चार हजार बेस जोड्यांचा. एका बेस जोडीचं सरासरी वजन ६५० धरून हिशेब केला तर त्याच्या एका नॅनोग्रॅममध्ये साधारण २३ कोटी प्रती निघतात. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा मी शून्यं दोनदा मोजली. डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबात महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून जास्त! पुढे या आकड्यानेच मला झोपू दिलं नाही, पण तेव्हा तो फक्त गमतीचा वाटला. १० कोटी, १ कोटी, १० लाख असं दहापटीने पातळ करत १० प्रतींपर्यंत आले. प्रत्येक दहापटीला सीटी ३.३२ ने मागे गेला तर दुप्पट होणं शंभर टक्के. प्रती आणि सीटी यांच्या आलेखाचा माझा उतार आला उणे २.७. हिशेबाने कार्यक्षमता १३५ टक्के. म्हणजे एकाचे दोन होण्याऐवजी सव्वादोनच्या वर होत होते. मी रिपोर्टमध्ये 'उत्कृष्ट' असं लिहिणारच होते.

दादांनी फक्त विचारलं, "टिप किती वापरल्या?"

एक. टिप, म्हणजे पिपेटचं बदलायचं टोक, महाग, म्हणून आठही पायऱ्यांना एकच. टिपच्या आतल्या भिंतीला चिकटलेला घट्ट थेंब प्रत्येक पायरीत पुढे जात होता, त्यामुळे पातळ नळ्या हव्या तेवढ्या पातळ होतच नव्हत्या. नव्या टिप घेतल्या, प्रत्येक नळी नीट मिसळली. उतार उणे ३.३६, कार्यक्षमता ९८ टक्के. १० कोटींचा सीटी १२, १० प्रतींचा पस्तीस-छत्तीसच्या मध्ये. मोजपट्टी तयार झाली, आणि त्याच आठवड्यात एच १२ उठलं.

प्राइमरच्या जोडीवर ढकलायची सोय नव्हती. प्रोब अशा जोडीवर बसत नाही. माझ्याच मोजपट्टीवर ३३ म्हणजे साठेक प्रती. पाण्यात साठ प्रती. त्या प्लेटमधली ज्यांची रेषा ३० च्या पुढे उठली होती ती अकरा झाडं एका फटक्यात बाद झाली: त्यांच्यातलं किती झाडाचं आणि किती पाण्यातलं, कसं सांगणार? चोविसावालं तिसरं झाड तेवढं खरं.

पाणी बदललं. परत ३३. प्राइमर-प्रोब नवे विरघळवले. ३४. टॅकची नवी नळी उघडली, फिल्टर असलेल्या टिप घेतल्या. ३३. तीन दिवस तीन प्लेट गेल्या, आणि एका प्लेटचा खर्च किती ते मॅडमनी शांतपणे कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांचं रागावणं असंच असतं. चौथ्या दिवशी दादांनी वेगळंच काढलं. ओल्या स्वॅबने वस्तू पुसायच्या, आणि त्या पुसण्याचाच पीसीआर करायचा. फ्रिजचा दांडा, मिनी सेंट्रिफ्यूजचं झाकण, १० मायक्रोलिटरचं पिपेट, नळ्यांचा रॅक, टेबलाचा कोपरा, माझ्या ॲप्रनची बाही. शेवटचं ते चेष्टेने म्हणाले असं मला वाटलं.

रॅक आणि टेबल स्वच्छ. फ्रिजचा दांडा ३५. पिपेट २७. बाही २५.

तिसऱ्या झाडाइतका जंतू माझ्या उजव्या बाहीत होता. म्हणजे जंतू नव्हे, त्याच्या जीनच्या प्रती. जेलच्या तीन महिन्यांत मी पीसीआर झालेल्या शेकडो नळ्या त्याच टेबलावर, त्याच पिपेटने, तोच ॲप्रन घालून उघडल्या होत्या. चाळीस सायकलींनंतर एका नळीत लाख कोटींच्या घरात प्रती असतात. झाकण उघडताना जो 'टक्' आवाज येतो, त्यात न दिसणारा फवारा उडतो; नळीतल्याचा अब्जावा भाग उडाला तरी हजार प्रती झाल्या. वर तो प्लाझ्मिड. मी रोगाचा जंतू शोधत नव्हतेच म्हणा, मी माझंच जुनं काम पुन्हा पुन्हा शोधून काढत होते.

मग घर धुतात तसं सगळं धुतलं. पातळ केलेलं ब्लीच, मागाहून पाणी, रात्रभर यूव्ही. पिपेट खोलून पुसलं. ॲप्रन टाकून दिला. खोल्या वाटून घेतल्या: मास्टरमिक्स (डीएनए सोडून पीसीआरचं बाकी सगळं मिश्रण) बनवायचं एका खोलीत, झाडाचा डीएनए घालायचा दुसरीकडे, आणि प्लाझ्मिड व जेल जिन्याच्या पलीकडे. तिकडून इकडे त्या दिवशी परत यायचं नाही. नव्या किटमध्ये डीएनएच्या चार अक्षरांपैकी टी च्या जागी यू घातलेले तुकडे बनतात आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच एक एन्झाइम असे यूवाले तुकडे कापून टाकतं. मला वाटलं सुटलो. दादांनी आठवण दिली की बाहीतला कचरा सगळा जुना, टीवाला. त्याला हे एन्झाइम हात लावणार नाही. उपाय उद्याच्या कचऱ्यावर होता, कालच्या नाही. दहा दिवसांनी एच १२ ची रेषा चाळिसाव्या सायकलपर्यंत जमिनीला चिकटून राहिली. त्या सपाट रेषेचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

सपाट रेषेवर मी इतकी खूश झाले की पुढची ठेच तिथेच लागली. मोठ्या बाबांच्या विहिरीजवळचं झाड, सगळ्यांत जुनं, पानं डोळ्यांना स्पष्ट रोगट. त्याची रेषा उठलीच नाही. मी फोन करून सांगूनही टाकलं, "विहिरीजवळचं चांगलं आहे." मॅडमनी दुसऱ्या दिवशी प्लेट पाहिली आणि प्रत्येक घरात आम्ही सोबत मोजत होतो तो झाडाचा स्वतःचा जीन दाखवला. तो प्रत्येक नमुन्यात विशीच्या आसपास उठायला हवा, झाड निरोगी असो वा रोगट, कारण पान तर आहेच ना. या झाडात तोही सपाट. म्हणजे नळीत पीसीआरच झाला नव्हता. जुन्या, कडक पानांतली फिनॉलची आणि चिकट साखरेची द्रव्यं डीएनएबरोबर आली आणि त्यांनी टॅकचा गळा धरला. निकाल 'रोग नाही' नव्हता, निकाल नव्हताच.

उपाय ऐकून मला आधी पटेना: पातळ कर. कमी जंतू घातला की जास्त दिसेल? दहापट पातळ केलं. झाडाचा जीन २२ ला उठला, जंतू २९ ला. शंभरपट पातळ केलं तर जंतू ३२.४, मोजपट्टीच्या हिशेबाने जिथे यायला हवा नेमका तिथे. म्हणजे आता अडथळा उरला नव्हता. मोठ्या बाबांना परत फोन करावा लागला.

"काल तं चांगलं म्हने."

"काल चुकलं माझं. आहे त्याला. सीटी २९ आला."

"अन् त्या तिसऱ्याले?"

"२४."

"मंग तिसऱ्याले कमी हाय ना."

"नाही, उलटं असतं. आकडा लहान तर रोग जास्त."

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "अस्सं झालं होतं मायं." फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या अमरावती जिल्ह्यात दुसरी लाट राज्यातल्या बहुतेक भागांच्या आधी उसळली तेव्हा ते पॉझिटिव्ह आले होते. स्वॅबचा सीटी १९, आणि छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोर २५ पैकी ८. एक सीटी नाकातल्या विषाणूचा, लहान असला तर वाईट. दुसरा फुप्फुसाचा, लहान असला तर बरा. नावं सारखी. घरातले आठ म्हणून खूश, फोनवरचे नातेवाईक एकोणीस म्हणून खूश, कुणी दोन्ही बेरीज करून सत्तावीस सांगत होतं. मोठे बाबा म्हणाले, "तवा कोनीच सांगतलं नाही उलटं असते म्हनून." मी तेव्हा बी. एस्सी.ला होते. मलाही सांगता आलं नसतं.

"बरं, झाड तोडा लागन काय?"

ते मी सांगू शकत नव्हते, मॅडमनी सांगितलं: रोगट झाडं काढा, सिलाचा बंदोबस्त करा, नवी रोपं लावायची तर प्रमाणित, खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणा. तिसरं झाड त्यांनी त्याच आठवड्यात काढलं. विहिरीजवळच्याला मात्र महिना लावला. ते आजोबांच्या हातचं होतं. काढलं त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही, मोठ्या आईने केला.

मग पावसाळ्याच्या तोंडी विहिरीजवळच्या खड्ड्याच्या शेजारचं, चौथं झाड. चारी दिशांच्या चार फांद्यांवरून पानं घ्यायला सांगितली, कारण हा जंतू झाडभर सारखा पसरत नाही, एक फांदी साफ आणि दुसरी भरलेली असं होतं. पानं वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने आली, प्रत्येक पुडीवर मोठ्या बाबांच्या अक्षरात उगवत, मावळत, विहीर, रस्ता. आता मी प्लेटमध्ये एका नाही, तीन घरांत पाणी ठेवते. मॅडम कुरकुरल्या, पण घरं दिली. चाळीस सायकली होईपर्यंत चहाला गेले नाही. तिन्ही पाणी सपाट. चारही पुड्यांच्या रेषा सपाट. झाडाचा स्वतःचा जीन चारही घरांत १९ आणि २१ च्या मध्ये उठलेला. मग फोन लावला.

"पाह्यलं का नीट?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं. पाणीबी पाहिलं."